दोन टॉवेल

“आमच्या जो लुईनं तुमच्या अलीला सहाव्या राउंडच्या आत झोपवला असता,” बाबा म्हणाले आणि त्यांनी रश्श्यात भाकरी कुस्करली.

“अली हाताला लागला तर ना!” शमुवेल म्हणाला. “तुमचा लुई म्हणजे मालगाडी, बाबा. रूळ सोडून हलायची नाही.”

“मालगाडीखाली एकदाच यावं लागतं. दुसऱ्यांदा यायची गरज पडत नाही.”

दर रविवारी चर्चमधून आल्यावर आमच्या क्वार्टरमध्ये हेच चालायचं. माझे वडील इमानुएल भांबळ दौंडच्या लोको शेडमध्ये बॉयलरवर होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्या तोडीचा हेवीवेट बॉक्सर अख्ख्या रेल्वेत नव्हता, असं जुनी माणसं सांगत. माझा नवरा शमुवेल उजागरे डिझेलचा फिटर, आणि त्या १९८० साली रेल्वेचा हेवीवेट चॅम्पियन तो. नवऱ्याला इथे एकेरीत लिहिते आहे. तोंडावर अहो-जाहोच करायचे. तर असे दोन जमाने आमच्या घरात एकाच पातेल्यातलं मटण खायचे आणि एकमेकांची हाडं मोजायचे. आई चार वर्षांपूर्वी गेली होती, म्हणून बाबा रविवारी आमच्याकडे जेवायला असत. मी वाढत असे आणि दोघांनाही टोमणे मारत असे.

“मेलेल्या माणसांच्या मारामाऱ्या लावण्यापेक्षा गरम आहे तोवर जेवा,” मी म्हटलं.

“दोघंही अजून जिवंत आहेत,” शमुवेल म्हणाला.

“अली मेल्यातच जमा,” बाबा म्हणाले. “ऑक्टोबरातलं वाचलंस ना? होम्स त्याच्याच सरावातला गडी. ज्याच्या हाताखाली शिकला त्यालाच ठोकत होता आणि ठोकता ठोकता पंचाकडं बघत होता म्हणे, की बाबा रे, थांबव. पंच काही थांबवेना. शेवटी अलीच्या कोपऱ्यातल्या माणसानं थांबवलं.”

“तो अली म्हातारा झालेला. तुलना करायची तर खऱ्या अलीशी करा.”

“खरा म्हणजे कुठला?” बाबांनी विचारलं. “रिंगमध्ये उभा असतो तोच खरा.”

त्यांनी कांद्याची फोड उचलून शमुवेलपुढे धरली. शमुवेल ताटात बघून जेवत होता. बाबा त्याच्या डाव्या हाताला बसले होते. त्यांनी फोड धरली ती धरलीच. शमुवेलने ती घेतली नाही, नको म्हणाला नाही, मानही वर केली नाही. मला वाटलं, अलीला म्हातारा केलेला याला लागलं. बाबांचा हात बराच वेळ तसाच होता. मग त्यांनी फोड सावकाश स्वतःच्या ताटात ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढ्यात कुठे गेलं ते मला कळलं नाही.

“सामू,” ते म्हणाले, “लुई आणि अली राहू दे. नाताळात आपण दोघं उतरू.”

“कुठं उतरू?”

“रिंगमध्ये. काळोखे किती वर्षं मागं लागलाय. इमानुएल भारी का शमुवेल भारी. एकदा होऊन जाऊ दे.”

शमुवेल मोठ्याने हसला. मीही हसले. बाबा छप्पन्न वर्षांचे होते, रक्तदाबाच्या गोळ्या घेत होते, आणि जिना चढून आले की दारात धापा टाकत उभे राहत. पण ते काही हसले नाहीत. हात धुवायला उठले आणि जाताना शमुवेलच्या पाठीवर थाप मारून गेले. शमुवेल केवढ्याने दचकला!

काळोखे हे मालगाडीवरचे गार्ड आणि आमच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचे, म्हणजे कामगारांच्या क्लबचे, सेक्रेटरी. दुसऱ्याच्या घरात काडी टाकायची आणि हात शेकत बसायचं, ही त्यांची करमणूक. इन्स्टिट्यूटच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून ते रोज हाच वाद पेटवत. इमानुएलचा उजवा हात भरात असताना शमुवेल किती टिकला असता? शमुवेलच्या पायांपुढे इमानुएलचं काय चाललं असतं? म्हातारी माणसं बाबांच्या बाजूने, पोरं शमुवेलच्या. बाबा आजवर ते हसण्यावारी नेत आले होते. “माझा जमाना माझ्याबरोबर रिटायर होईल, त्याला कशाला ओढता,” म्हणत. आता त्यांनी स्वतःहून जाऊन सांगितल्यावर काळोख्यांना आकाश ठेंगणं झालं. सोमवारी दुपारपर्यंत बातमी शेडभर झाली होती.

आमच्या इन्स्टिट्यूटची एक रीत होती. हार कबूल करायची तर कोपऱ्यातून रिंगमध्ये टॉवेल टाकतात, हे सगळीकडेच आहे. पण आमच्याकडे तो टॉवेल कोचच्या खांद्यावर नसायचा. तो लढणाऱ्याच्या घरून यायचा, आणि घरचंच माणूस तो मांडीवर घेऊन कोपऱ्याशी स्टुलावर बसायचं. मित्र भिडेपोटी टाकत नाही, कोच हट्टापायी टाकत नाही, घरचं माणूस मात्र वेळ आली की टाकतं, असा त्यामागचा विचार. घरचा टॉवेल पडला की पंचाचंही काही चालत नसे. आणि घरच्या माणसाने तो आपल्या हाताने परत देईपर्यंत त्या गड्याने ग्लोव्हज घालायचे नाहीत. महिना लागो, वर्ष लागो. ही रीत कोणी आणि का सुरू केली, ते मला तोवर ठाऊक नव्हतं. लहानपणापासून पाहत आले होते, म्हणून कधी विचारलंही नव्हतं.

बाबांचा टॉवेल आई धरायची. तिने त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने छोटासा क्रूस भरला होता. शमुवेलचा निळ्या काठाचा. लग्न झाल्यापासून तो मी धरत होते. पदर खोचून, ओठ चावत, प्रत्येक ठोशाबरोबर अर्धी मरत; पण तो टाकायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

आता बाबांचंही घरचं माणूस मीच.

हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी कणीक मळत होते. हात पिठातच राहिले. मी तशीच शेजारच्या लाइनीतल्या त्यांच्या खोलीवर गेले. बाबा खाटेवर बसून जुन्या ग्लोव्हजना तेल लावत होते.

“बाबा, पुरे झाली चेष्टा. नाही म्हणून सांगा काळोखेमामांना.”

“चेष्टा कोण करतंय?”

“तुमचं वय काय, त्यांचं वय काय! तुम्हाला काही झालं म्हणजे?”

“मला काय व्हायचंय? तीन राउंड. तेही दोन-दोन मिनिटांचे.”

“आणि जानेवारीत त्यांना राष्ट्रीय स्पर्धेला दिल्लीला जायचंय. तिथं जिंकले तर देशाच्या संघात जातील. आत्ता हात-बोट दुखावलं तर?”

दिल्लीचं नाव निघताच बाबांचा तेलाचा हात थांबला. “म्हणून तर आत्ताच,” ते म्हणाले.

मला राग आला. मला वाटलं, जावई आपल्यापुढे निघून चालला हे यांना बघवत नाही. आयुष्यभर ज्यांना देवमाणूस म्हटलं त्यांच्या पोटात हे निघावं, याचं फार वाईट वाटलं. मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली.

“एस्तू, पेटीतला आईचा टॉवेल घेऊन जा. धुऊन ठेव. आणि एक ऐक. त्या दिवशी सगळी माणसं माझ्याकडं बघतील. म्हातारा पडतो का, म्हातारा मरतो का. तू माझ्याकडं बघू नकोस. तू सामूकडं बघ.”

“का?”

“सांगतोय म्हणून. आणि काहीही झालं तरी माझा टॉवेल टाकायचा नाही.”

घरी येऊन मी शमुवेलला धरलं. “तुम्ही तरी नाही म्हणा.”

“मी नाही म्हटलं की घाबरला म्हणतील,” तो म्हणाला. “अगं, फुलासारखं झेलीन त्यांना. चार उड्या मारीन, दोन हात लावून घेईन, लोक टाळ्या वाजवतील, झालं. तुझ्या बापाची हौस.”

असं म्हणत तो बाहेर निघाला आणि त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. गेल्या काही दिवसांत हे असंच चाललं होतं. पॅसेजमधली सायकल पाडली, स्टूल पाडलं, गरम चहाच्या कपाला कोपर लावलं. उंच-धिप्पाड माणूस, रेल्वेची घरं बुटकी, म्हणून मी सोडून देत होते.

“घर लहान झालं का तुम्हाला चॅम्पियनसाहेब?” मी चेष्टेने म्हटलं.

एरवी त्याने उलट चिमटा काढला असता. त्या दिवशी तो नुसता खांदा चोळत गेला.

नाताळ आला आणि गेला. लोक येता-जाता मला अडवत. कुणी म्हणे, बाप जिंकावा; कुणी म्हणे, नवरा. एका बाईने मला चर्चच्या पायरीवरच विचारलं, “एस्तेर, तुझी प्रार्थना कुणासाठी?” मी म्हटलं, “इन्स्टिट्यूटचं छत पडावं यासाठी.” बायका हसल्या. मी मात्र खरंच तसं मागितलं होतं. रात्री कुशीवर वळले की मला बाबा रिंगच्या फळ्यांवर उताणे पडलेले दिसत आणि त्यांच्यावर उभा असलेला माझा नवरा दिसे. त्यांना काही झालं तर मी या माणसाच्या ताटात पुन्हा वाढू शकेन का, हे मला सांगता येत नव्हतं.

नाताळनंतरच्या शनिवारी संध्याकाळी इन्स्टिट्यूटचा हॉल गच्च भरला. बिलियर्डचं टेबल भिंतीला सरकवलं होतं, त्यावरही माणसं उभी होती. बिडीचा धूर आणि मालिश तेलाचा वास मिळून डोळे चुरचुरत होते. यार्डात कुठलंसं इंजिन सारखं वाफ सोडत होतं, त्याचा आवाज थांबला की हॉलमधली कुजबुज मोठी वाटे. माझं स्टूल या वेळी कुठल्याच कोपऱ्याशी नव्हतं. दोन्ही कोपऱ्यांच्या मधे, दोरांच्या बाहेर, पंचाला दिसेल असं ठेवलं होतं. डाव्या मांडीवर बाबांचा टॉवेल, उजव्या मांडीवर शमुवेलचा.

पंच काळोखेच. पांढरी पँट, गळ्यात शिटी. ते दोरांवर वाकून मोठ्याने म्हणाले, “एस्तेरबाई, आजवर कुणाच्या हातात दोन टॉवेल आले नाहीत. टाकाल तर नीट बघून टाका!”

हॉल खदखदून हसला.

घंटा झाली. बाबा कोपऱ्यातून निघाले ते जुन्या फोटोत असतात तसे; ताठ कण्याने, डावा हात लांब पुढे, हनुवटी खाली. पोरं खिदळली. “आजोबा, छत्री विसरले काय?” कुणीतरी ओरडलं. शमुवेल त्यांच्याभोवती हलक्या पावलांनी फिरत होता. तो खरोखर फुलासारखं झेलत होता. समोरून टिचकी मारल्यासारखा हात लावायचा आणि मागे सरायचा. बाबा दोनदा अडखळले. त्यांचा श्वास मला खाली ऐकू येत होता.

मी बाबांकडेच बघत होते. त्यांनी सांगितलेलं विसरून गेले होते. मग त्यांनीच मला आठवण करून दिली. फिरता फिरता त्यांनी शमुवेलच्या खांद्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि भुवईने त्याच्याकडे खूण केली.

मी शमुवेलकडे बघायला लागले.

बाबा एकाच दिशेने सरकत होते. शमुवेलच्या डाव्या हाताकडे. तो वळे, ते पुन्हा तिकडेच सरकत. मग त्यांनी उजवा हात बाजूने वळवून आणला. इतका सावकाश, की नवशिक्या पोरानेही हसत चुकवला असता. तो हात शमुवेलच्या डाव्या गालावर टेकला. ठोसा नव्हताच तो. नुसता हात लावला.

“लागला! म्हाताऱ्याचा उजवा लागला!” जुनी माणसं बाकांवर उभी राहिली.

शमुवेल गोंधळला. हात कुठून आला हे त्याला कळलंच नाही असं त्याचं तोंड झालं. बाबांनी पुन्हा तेच केलं. पुन्हा लागला. प्रत्येक वेळी ते हात लावत आणि माझ्याकडे बघत. टाळ्या वाढत गेल्या. “जुनं ते सोनं” म्हणून कुणी नाचायला लागलं. घंटा झाली तेव्हा शमुवेलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दुसऱ्या राउंडला तो फुलासारखं झेलायचं विसरला. लोकांचं हसू त्याच्या डोक्यात गेलं होतं. त्याचा पहिला खरा ठोसा बाबांच्या बरगड्यांवर बसला तेव्हा मातीच्या भिंतीवर मुसळ आदळावं तसा आवाज आला. हसणं थांबलं. दुसरा तोंडावर. बाबांचा ओठ फाटला आणि रक्त हनुवटीवर आलं. तिसऱ्याला ते एका गुडघ्यावर बसले.

“टॉवेल!” कुणीतरी ओरडलं. “एस्तेरबाई, टॉवेल टाका! मरंल म्हातारा!”

मग सगळा हॉलच ओरडायला लागला. काळोख्यांचा चेहरा उतरला होता. ते बोटांवर आकडे मोजत होते, पण बघत होते माझ्याकडे, आणि त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. माझी बोटं लाल क्रूसावर घट्ट मिटली होती. माझा बाप माझ्यासमोर रक्त गिळत होता. टाकायला किती वेळ लागणार होता? नुसता हात उघडायचा. बाबांनी गुडघ्यावरूनच माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

ते उठले. शमुवेल हात खाली करून उभा होता. आपण काय केलं हे त्याला तेवढ्यात कळलं असावं. “बास, बाबा,” तो म्हणालेला मी ऐकलं. “बास करा आता.”

बाबा पुढे आले आणि परत त्याच्या डावीकडे सरकले. त्यांनी उजवा हात उचलला आणि शमुवेलच्या डाव्या कानशिलाजवळ आणून थांबवला. लावला नाही. वीतभर अंतरावर तसाच धरून ठेवला.

आणि शमुवेल त्यांना शोधत होता. त्याची नजर समोर होती, मग उजवीकडे गेली, मग परत समोर. तेल लावलेला तो भलामोठा ग्लोव्ह त्याच्या डोळ्याशेजारी लटकत होता, हॉलमधल्या शेवटच्या बाकावरच्या माणसाला दिसत होता, आणि त्याला दिसत नव्हता. लोकांना ती म्हाताऱ्याची नक्कल वाटली. परत हशा पिकला. मला ताटावर धरलेली कांद्याची फोड आठवली.

चौकट, सायकल, स्टूल, कप. सगळं डावीकडचं. महिनाभर मी ज्याला धसमुसळेपणा म्हणत होते ते सगळं डावीकडचं होतं. आणि जानेवारीत हाच माणूस दिल्लीला जाणार होता. तिथे समोरचा हात वीतभर अंतरावर थांबवणार नव्हता.

मला हेही कळत होतं की मी काय करणार आहे. तो जिंकत होता. छप्पन्न वर्षांच्या म्हाताऱ्यासमोर धडधाकट उभ्या असलेल्या चॅम्पियनला त्याची बायको हरवणार होती. गाव त्याला जन्मभर चिडवणार होतं. दिल्ली गेलीच. आणि कदाचित मलाही तो घरात ठेवणार नव्हता.

मी उजव्या हातातला टॉवेल टाकला.

निळ्या काठाचा टॉवेल दोरांवरून जाऊन फळ्यांवर पडला. यार्डातल्या इंजिनाची वाफ तेवढी ऐकू येत होती.

काळोखे तो टॉवेल उचलायला वाकले आणि काठ बघून अर्ध्यातच थांबले. “बाई,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “चुकून पडला का? घाबरल्यावर होतं असं. सांगा, मी परत देतो. तो दुसरा टाका.”

“चुकूनच पडलाय,” शमुवेल दोरांशी येऊन म्हणाला. त्याला धाप लागली होती. “तिला बाबांचा टाकायचा होता. सांग की, एस्तेर. सांग त्यांना.”

त्याने मला असं कधी विनवलं नव्हतं. त्याच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, म्हणावं, हो, चुकला माझा हात. रीतीपुरती एक थाप, आणि सगळं होतं तसं होईल. बाबा मागे दोरांना धरून उभे होते. ते आता माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचं काम झालं होतं, पुढचं माझ्यावर होतं.

“चुकून नाही,” मी म्हटलं. “नीट बघून टाकलाय.”

माझा आवाज मलाच परका वाटला. काळोख्यांनी बाबांचा हात वर केला, पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. शमुवेल दातांनी ग्लोव्हजच्या नाड्या सोडत, कुणाकडे न बघता, गर्दीतून बाहेर पडला. जाताना त्याचा डावा खांदा एका माणसाला लागला. तो माणूस म्हणाला, “रागावलाय.”

मी बाबांना घरी आणलं. खुर्चीत बसवून मिठाच्या पाण्याने ओठ पुसला. मग ते म्हणाले, “तुला डिक्सनसाहेब आठवतो?”

आठवत होता. माझ्या लहानपणी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर एक म्हातारा अँग्लो-इंडियन माणूस बसलेला असे. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. गाडी आली की विचारायचा, कुठली आली? आम्ही पोरं मुद्दाम खोटी नावं सांगायचो, आणि तो थँक यू म्हणायचा.

“माझ्या आधीचा चॅम्पियन तो,” बाबा म्हणाले. “लुई-अली राहू दे बाजूला, मी पाहिलेला सगळ्यात मोठा हेवीवेट डिक्सन. मला त्यानंच शिकवलं. तेव्हा ही रीत नव्हती, त्याचा टॉवेल माझ्या खांद्यावर असायचा. त्याचा एक डोळा गेला ते मला सरावातच कळलं होतं. दाराबाहेर उभ्या माणसासारखा माझा हात त्याला दिसायचाच नाही. मी बोललो तर म्हणाला, वेडा आहेस तू, आणि डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. पाठ केलेला. शेवटच्या लढतीत माझ्या खांद्यावर टॉवेल होता, एस्तू. तो टाकू नको म्हणाला, मी टाकला नाही. दुसरा डोळा त्या दिवशी गेला. पुढच्या वर्षापासून ही घरच्या टॉवेलची रीत मी लावली.”

“मग सरळ सांगायचं ना मला!”

“खात्री नव्हती. कांदा त्यानं रागानंही घेतला नसेल. समोर उभं राहून हात फिरवल्याशिवाय कळत नाही. आणि त्याला सांगून त्यानं ऐकलं असतं? तक्ता म्हणून दाखवला असता.”

मी काही बोलणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मी उठून आत गेले. कशासाठी गेले ते सांगता येत नाही. भीती वाटली, एवढंच खरं. शमुवेल आला. बाबांच्या समोरची खुर्ची ओढून धपकन बसला.

“लागलं का फार?” त्याने विचारलं.

“ओठ फाटलाय. भरेल.”

“मी मारायला नको होतं.”

“मीच मारून घेतलं.”

मी दाराआडून बाहेर आले. अनवाणी होते, आवाज झाला नाही. निळ्या काठाचा टॉवेल काळोख्यांनी माझ्या हातात दिला होता, तो तसाच घेऊन शमुवेलच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभी राहिले. तो काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, हात उगारला तर तोही सोसायचा, असं मनाशी ठरवलं होतं.

“ती कुठंय?” शमुवेल म्हणाला.

बाबा फाटलेला ओठ टिपत राहिले.

“आत लपलीय ना? बोलवा तिला. समोर येऊन सांग म्हणावं. नीट बघून टाकला म्हणे! माझ्यात काय बघितलं तिनं? माझे पाय डळमळले होते? मी पडलो होतो? काय बघितलं?” त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून आवाज चढवला. “एस्तेर! बाहेर ये!”

मी हात लांबवला असता तर त्याच्या कानाला लागला असता. मला हुंदका आला. तो मी टॉवेलात दाबला, पण आवाज झालाच.

शमुवेलने गर्रकन मान वळवली आणि मला पाहून खुर्चीसकट मागे सरला.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग बाबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याच्या मोठ्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू विझत गेला आणि तिथे पकडल्या गेलेल्या लहान मुलाचं तोंड आलं. त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकले.

“पडदा आल्यासारखं होतं कडेनं,” तो म्हणाला. “दिल्लीपर्यंत निभेल वाटलं होतं.”

बाबा उठले, त्याच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि आपल्या खोलीवर निघून गेले. मी टॉवेलाची घडी घातली आणि कपाटात आईच्या टॉवेलाशेजारी ठेवली. मग दुसरी खुर्ची ओढून त्याच्या उजव्या हाताला, त्याला दिसेन अशी, बसले.